दोन बशांचा जाळ

त्या वर्षी आमची लाकडे ओली राहिली.

बर्फ वितळता वितळता मेपल तोडायचे, फोडायचे, उन्हाळाभर वाऱ्याला लावून ठेवायचे आणि पुढच्या हिवाळ्यात जाळायचे, हा बाबांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. पण त्या एप्रिलमध्ये एक झाड पडता पडता बुंध्यापाशी उसळले आणि बाबांच्या खुब्यावर आले. ते इस्पितळातून परतले तेव्हा जुलै सरत आला होता. हातांत दोन काठ्या होत्या आणि खुब्यात पोलादी सळी. लाकडे मी तोडली. सॉ मिलमधली पाळी संपवून, उरलेल्या उजेडात, ऑगस्ट आणि सप्टेंबरभर. ऑक्टोबरात पहिला बर्फ आला तेव्हाही माझ्या थप्पीतल्या ढलप्यांची तोंडे गुळगुळीत होती. वाळलेल्या लाकडाच्या तोंडावर चिरा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. माझी लाकडे आपटली की नुसते बद्द वाजत. बाबा खिडकीतल्या खुर्चीतून त्या थप्पीकडे पाहत. ते काही बोलले असते तर मला बरे वाटले असते.

घरात आम्ही तिघेच. बाबा, म्हणजे याल्मर हाउताला; आई, लेम्पी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला; आणि मी, डेल, चोवीस वर्षांचा. मी पहाटे सहाला निघे, आई सातला. ती परते तीनला. मधले आठ तास बाबा आणि शेगडी.

शेगडी ओतीव लोखंडाची, घराच्या मधोमध. तिच्या दाराच्या तळाशी हवेसाठी एक चकती होती. ती फिरवली की फट उघडे, उलट फिरवली की मिटे. सकाळी विस्तव चाळवला की बाबा ती चकती पूर्ण उघडत आणि कॉफी घेऊन बसत. कॉफी बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून पीत. दोन बशा. तोवर धुराची नळी तापून टिकटिकू लागे, आत वारा गेल्यासारखा आवाज होई. दुसरी बशी संपली की ते उठून चकती मिटत. "धुराड्यालासुद्धा घाम फुटायला हवा," असे ते म्हणत. "माणसाला सौनाची वाफ, धुराड्याला हा जाळ." लहानपणापासून रोज पाहिलेली ही गोष्ट होती, त्यामुळेच तिचे काही कारण असेल असे मला कधी वाटले नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई तीनला घरी आली तेव्हा शेगडी विझलेली होती आणि बाबा तिच्यासमोर जमिनीवर पडले होते. चकती फिरवायला वाकले, ते तसेच कोसळले. उठता येईना. सकाळी दहापासून ते तिथेच होते. पँट ओली झाली होती आणि ती ओल थंड पडली होती. स्वयंपाकघरातला नळ गोठला होता.

आईने हे मला लाकडांच्या पडवीत, दार लावून सांगितले. मी आत गेलो तेव्हा बाबा स्वच्छ पँट घालून खुर्चीत बसले होते.

"शेगडी विझली," ते म्हणाले. जणू दिवसभरातली बातमी तेवढीच होती.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मार्लीन डेट्रॉइटकडे राहते, तिला आईने सकाळचे सगळे कळवले होते. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आणि स्वयंपाकघराला दार नाही.

"तू सहाला जातोस, आई सातला जाते," मार्लीन म्हणाली. "पुढच्या वेळी आई दार उघडेल तेव्हा तिला काय सापडेल, सांग ना! गावातल्या वृद्धाश्रमात खाट रिकामी आहे. मी विचारलंय."

"मी करतो काहीतरी."

"काय करतोस? नेहमीसारखा गप्प बसतोस?"

"आग दहा तास टिकवतो. कुणी हात न लावता."

"आणि नाही टिकली तर?"

मी बाबांच्या पाठीकडे पाहिले. खुर्चीत ती अगदी ताठ होती.

"मग ये न्यायला," मी म्हणालो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला नीएमींचे शेत आहे. घर आठ वर्षांपूर्वी जळाले. उरल्या त्या दगडी पायऱ्या आणि झुडपांत उभी असलेली शेगडी. तिच्या पाठीला हवेची स्वयंचलित झडप होती, हे मला ठाऊक होते. एक लोखंडी पेटी, तिच्या तोंडावर लोंबती पट्टी, पट्टीला बारीक साखळी, आणि वर दोन धातूंची गुंडाळी. शेगडी तापली की गुंडाळी सैल होते, साखळी उतरते, पट्टी मिटते. निवली की गुंडाळी आवळून पट्टी उचलते. किती ऊब हवी ते वरच्या गोल मुठीने ठरवायचे. मी मुठीवरचा बर्फ झटकला, गुंडाळीवर तोंडाची वाफ सोडली. ती किंचित हलली. आठ वर्षे उघड्यावर राहूनही ती जिवंत होती.

पेटी खांद्यावर घेऊन रस्त्यावर आलो, तर शेजारचा सुलो कांगास ट्रक थांबवून बघत होता. सुलो बाबांच्या वयाचा, आयुष्यभर एकटा.

"काय रे, नीएमींकडे पाहुणचाराला गेला होतास? कॉफी दिली का त्यांनी?"

"एक भाग हवा होता, सुलोकाका."

"माझी आई म्हणायची, जळल्या घरातून काही आणू नये." त्याने पेटी नीट न्याहाळली. "पण ती बाई कुठूनच काही आणू देत नसे. बायकोसुद्धा आणू दिली नाही मला. चल, बस. खांदा मोडशील."

रविवारी चर्चहून आल्यावर मी झडप बसवली. शेगडीच्या पाठीला भोक पाडायला तीन तास लागले; ओतीव लोखंड तडकेल या भीतीने मी गिरमिट अगदी हळू चालवत होतो. पुढच्या चकतीवर पत्रा ठोकून ती कायमची बंद केली. बाबा खुर्ची वळवून बसले होते. आपल्या टेबलावर कुणी परका माणूस कागद चाळतो आहे, अशा नजरेने ते पाहत होते.

"अर्धा इंच खाली घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. तोवर भोक पडून गेले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "ही नीएमींची ना?"

"त्यांचं घर वायरिंगनं गेलं, बाबा."

"हं. वायरिंगनं."

मी विस्तव घातला. शेगडी तापली तशी साखळी एकेक कडी उतरत आली आणि पट्टी पेटीच्या तोंडावर अलगद टेकली. आईने टाळी वाजवली.

"आणि सकाळचा जाळ?" बाबांनी विचारले.

"आता त्याची गरज नाही. पुरेसं तापलं की ती आपली आपण मिटते."

"म्हणजे घाम फुटायच्या आत दार लावून घेते."

"लाकूड वाचतं, बाबा. तुम्हाला वाकावं लागत नाही."

"हो," बाबा म्हणाले. "वाकावं लागत नाही."

डिसेंबर चांगला गेला. पहाटे मी ढलप्या भरून जाई आणि तीनला आई आली तरी आत निखारे असत. नळ गोठला नाही. दर रविवारी मार्लीन विचारी, "टिकते का?" आणि मी म्हणे, "टिकते." मिलमध्ये माझे बोलणे लोकांना दोनदा विचारावे लागते, पण हा एक शब्द मी पहिल्याच खेपेला स्वच्छ उच्चारत असे. थप्पी माझ्या हिशेबापेक्षा भराभर उतरत होती, एवढेच कोडे होते. मी तो थंडीचा दोष समजलो.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी मिलमधल्या मोठ्या करवतीचा पट्टा तुटला आणि आम्हाला नऊलाच घरी सोडले. वळणावरून आमचे छप्पर दिसले. धुराड्यावर धूर नव्हता. नुसती हवा थरथरत होती, जशी फार मोठ्या जाळावर थरथरते. मी धावत आत गेलो. शेगडीचे दार लालसर झाले होते, नळी टिकटिकत होती, आत सोसाट्याचा वारा होता. साखळीच्या वरच्या कडीत लाल लोकरीचा दोरा अडकवून त्याचे दुसरे टोक भिंतीतल्या, हातमोजे वाळत घालायच्या खिळ्याला बांधले होते. पट्टी सताड उघडी. बाबा खुर्चीत, हातात बशी.

"घर जाळायचंय का तुम्हाला?"

"दुसरी बशी आहे," बाबा म्हणाले. "संपलीच."

"किती दिवस चाललंय हे?"

"तू बसवलीस तेव्हापासून."

"पण तुम्हाला तर वाकता येत नाही. दोरा अडकवता कसा?"

बाबांनी बशी खाली ठेवली आणि काठी उचलून दाखवली. तिच्या टोकाला चाकूने खाच पाडली होती. त्या खाचेत दोऱ्याचा फास धरून त्यांनी तो हवेतच पुढे नेला, अलगद वळवला, मागे घेतला. "चार दिवस लागले शिकायला," ते म्हणाले. एप्रिलपासून त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला तो पहिला आनंद होता. किंचितसा, एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर असावा तसा.

आणि मी ओरडलो. मी ओरडू शकतो हे मलाच ठाऊक नव्हते. म्हणालो की मी मार्लीनला शब्द दिला आहे, की असल्या जाळापाशी पडलात तर कुणाला कळणारही नाही, की आश्रमात जायची हौस असेल तर तसे सांगा. खिशातला चाकू काढून दोरा कापला. खिळा उपटला. पट्टी खाली पडली आणि नळीतला वारा एकदम गप्प झाला. तेवढ्याने भागेना, म्हणून पक्कड आणून वरची गोल मूठ दांड्यावरून उपसून काढली.

"ही माझ्याकडे राहील."

बाबांनी त्या उघड्या दांड्याकडे पाहिले.

"साखरेचा डबापण घेऊन जा," ते म्हणाले. "मी कॉफीबरोबर साखर जास्त खातो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली.

जानेवारीत हवा मऊ पडली. आठवडाभर पागोळ्या गळत राहिल्या, बर्फ राखाडी झाला. शेगडी आपली आपण मिटत होती, आपली आपण उघडत होती. आत जाळ असा दिसतच नसे, ढलप्या नुसत्या धुमसत. घराला एक आंबूस वास लागला, ओल्या कुत्र्याचा आणि धुरवलेल्या माशाचा एकत्र. नळीच्या कोपराशी एक काळा थेंब जमे आणि फुटभर ओघळून वाळे. आई तो सुरीने खरवडे. भिंतीवर, धुराड्याच्या विटांशेजारी, एक तपकिरी डाग वर चढत होता. तिने त्यावर चुना फासला. चार दिवसांत डाग चुन्यातून पुन्हा बाहेर आला.

सुलो एकदा अंगणात उभा राहिला.

"तुमचा धूर हल्ली उभा राहत नाही रे. दारुड्यासारखा अंगणात लोळतो."

"हवेत ओल आहे."

"हवेत की लाकडात?"

"मार्चमध्ये धुराडं साफ करू, सुलोकाका."

"मार्च लांब आहे," तो म्हणाला, आणि बाबांच्या खिडकीकडे पाहून हात हलवला. बाबांनीही हलवला. दोघांच्या मध्ये उभा असूनही मला वाटले, ते माझ्याबद्दल काहीतरी बोलून मोकळे झाले आहेत.

मूठ माझ्या कोटाच्या खिशात होती. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी ती बोटांनी चोळत बसे. मला बाबांना एकच गोष्ट विचारायची होती, त्या दोन बशा कशासाठी होत्या. पण ज्या तोंडाने मी ओरडलो होतो त्याच तोंडाने हे विचारायला हवे होते, आणि ते माझ्याने होईना. एका संध्याकाळी कुणी पाहत नाही असे बघून मी नळीवर बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. पूर्वी ती घंटेसारखी वाजायची. ती बद्द वाजली, माझ्या लाकडांसारखी. मी मान वर केली तेव्हा बाबा खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबातून माझ्याकडे पाहत होते.

मग थंडी आली. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पारा शून्याखाली अठरा होता. त्या दिवशी चर्चमध्ये एका म्हाताऱ्या बाईचे मर्तिक होते आणि आईला कॉफी वाढायला जायचे होते. मी अर्ध्या पाळीला गेलेलो. शेगडी निवत आलेली; आईने मेपल घातले, ते नुसते फसफसत राहिले, तोंडातून फेस येऊ लागला. सुलोचा ट्रक दारात हॉर्न वाजवत होता. तेव्हा आईने सौनाच्या पडवीतून कवळाभर बर्च आणला, शनिवारच्या सौनासाठी ठेवलेला, दोन वर्षे वाळलेला, पांढऱ्या सालीसकट. शेगडी गच्च भरली. "आता दुपारपर्यंत मजेत बसा," असे म्हणून ती निघाली. यात तिचे काय चुकले? घर उबदार राहावे, एवढेच तिला हवे होते. मलाही तेच हवे होते.

मी बाराच्या सुमारास वळणावर आलो आणि आधी ऐकले. गोठलेल्या शेतांवरून, मालगाडी पुलावरून जाते तसा घोष येत होता. आमच्याकडे रेल्वे नाही. मग पाहिले. धुराड्याच्या तोंडावर माणसाएवढी ज्वाळा ताठ उभी होती. त्या दिवशी धूर मुळीच नव्हता.

घर गुणगुणत होते. कपाटातल्या कपबशा किणकिणत होत्या. नळी कोपरापासून छतापर्यंत लाल होती आणि धुराड्याच्या विटांमागे काहीतरी खाली कोसळत, आपटत, पुन्हा पेटत होते. खुर्ची रिकामी होती. काठ्या जमिनीवर पडल्या होत्या.

बाबा शेगडीच्या पाठीशी गुडघ्यांवर होते. एप्रिलपासून जे गुडघे वाकले नव्हते ते आता अंगाखाली दुमडलेले. उजवा तळवा त्यांनी हवेच्या पट्टीवर दाबून धरला होता. हातात आईने विणलेला लाल हातमोजा होता, आणि त्यातून धूर निघत होता.

"मीठ," ते म्हणाले.

"बाबा, हात..."

"मीठ आण! माशांचं. पोतं आण."

मी खारवायच्या मिठाचे पोते ओढत आणले.

"दार सताड उघडू नकोस. बोटभर. ओत. बंद कर. पुन्हा. घाई करू नकोस, पोरा. बंद कर म्हटल्यावर बंद करायचं."

मी ओतत होतो. जाळ पिवळा झाला, मग काळवंडला. तेव्हा कुठे मी पट्टीच्या वर पाहिले. साखळी वर उचललेलीच होती. मूठ काढून घेतल्यामुळे तिचा दांडा उघडा राहिला होता, आणि साखळीची एक कडी वर चढताना त्या दांड्याच्या टोकावर जाऊन बसली होती. शेगडी तापली तरी ती उतरली नव्हती. बर्चची ज्वाळा, सताड उघडी हवा, आणि वर धुराड्यात ओल्या धुराचे महिनाभर साठलेले डांबर, जे दोन बशांचा जाळ रोजच्या रोज जाळून टाकत असे. मूठ जागेवर असती तर कडी घसरून खाली आली असती. मूठ माझ्या खिशात होती.

मी पकडीने कडी सोडवली. पट्टी बाबांच्या हाताखाली पेटीच्या तोंडावर बसली.

"सोडा आता, बाबा."

"बसली नीट?"

"बसली."

"मग तू सोडव. माझा मला सुटत नाहीये."

घोष उतरायला अर्धा तास लागला. आधी मालगाडी लांब गेली, मग फक्त वारा उरला, मग विटांमधली टिकटिक. मी बाबांना भिंतीला टेकवून बसवले होते आणि त्यांचा हात बर्फाच्या बादलीत धरला होता. ते खोकत होते. खोकल्याच्या मध्ये ते छताकडे कान लावून ऐकत होते.

ज्वाळा दुरून दिसली होती; गावातले स्वयंसेवक बंब घेऊन आले. त्यांत हेल्मेट घातलेला सुलोही होता. वर चढून त्यांनी साखळ्या सोडून धुराडे झाडले. सुलो खाली येऊन, धुराड्याच्या तळाच्या दारातून आरसा आत धरून बराच वेळ पाहत राहिला.

"आतलं अस्तर तळापासून टोकापर्यंत उभं चिरलंय," तो म्हणाला. "यात परत विस्तव घातलास, तर पुढच्या वेळी मी बंब आणणार नाही. मार्शमेलो आणीन, भाजायला." मग बाबांच्या हाताकडे पाहून त्याने हेल्मेट काढले. "याल्मर, तू तर नवीन झडप झालास रे."

"जुनी," बाबा म्हणाले. "आणि भोक अर्धा इंच वर आहे."

सुलो हसला. मी बाहेर गेलो आणि पडवीत उभा राहिलो.

इस्पितळात हात बांधला. छाती तपासून डॉक्टर म्हणाले, धूर खोल गेला आहे, निदान दोन दिवस राहा. बाबा राहिले नाहीत. संध्याकाळी मार्लीनचा फोन आला तेव्हा त्यांनी, कित्येक महिन्यांनी, स्वतः फोन हातात घेतला.

"सोमवारी येतेस? ये ना. सौनात ये, तिथंच असू आम्ही. पायरीवर बर्फ असतो, जपून."

घरामागे, विहिरीपाशी वाफेच्या आंघोळीचा आमचा सौना आहे. आजोबांनी या जमिनीवर पहिली कुऱ्हाड घातली तेव्हा आधी बांधला तो हाच. घर तीन वर्षांनी झाले. बाबांचा जन्म तिथला. दोन लांब फळ्या, एक खाली, एक वर, दगडांची शेगडी, तिचे स्वतःचे लोखंडी धुराडे. घरात आता विस्तव घालता येत नव्हता, म्हणून आईने गरम पाण्याने तिथले सगळे घासले. खालच्या फळीवर गादी घालताना ती थांबली.

"वरच्या फळीवर झोपवू या का त्यांना?"

"चढता येणार नाही, आई."

गादी उचलून तिने खालची फळी पुन्हा एकदा घासली. आजोबांना शेवटची आंघोळ त्याच फळीवर घातली होती. बाबांनीच घातली होती, माझ्या जन्माच्या वर्षी.

रविवारी आई चर्चला गेली तेव्हा मी विस्तव चाळवला. सौनाच्या शेगडीला ना चकती, ना पट्टी. दाराखाली फट, आणि ती बुजवायला एक दगड. बाबा डोळे मिटून पडले होते. बांधलेला हात छातीवर होता.

"दगड काढ," ते म्हणाले. "सगळा."

मी काढला. बर्च पेटला.

"खिशात काय वाजतंय?"

मी मूठ काढून त्यांच्या डाव्या तळव्यात ठेवली. त्यांनी ती बोटांनी एकदा फिरवून पाहिली, उजवीकडे, डावीकडे, आणि मला परत दिली.

"कॉफी ओत. दोन बशा. संपल्या की दगड लाव. तेवढंच असतं ते, पोरा. दुसरं काही नाही."

मी पहिली बशी प्यायलो. नळी टिकटिकू लागली. बाबांनी पांघरुणाखाली मान वळवली आणि थोड्या वेळाने त्यांना झोप लागली असावी. मग मला नळीच्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. त्यांच्या छातीतला. श्वास आत जाताना बारीक फसफस होई, ओल्या लाकडासारखी, आणि मग काही क्षण काहीच नसे. मग पुन्हा. मी कान देऊन ऐकत राहिलो. आयुष्यभर त्यांनी धुराडे ऐकले तसे. प्रत्येक वेळी ते मधले थांबणे जरासे लांबल्यासारखे वाटे. मला फरक कळत नव्हता. त्यांना कळला असता.

मी दुसरी बशी भरली. दातांत साखरेचा खडा धरला, आणि तो विरघळून गेला तरी बशी ओठांना लावली नाही. कॉफी निवत गेली, तिच्यावर पातळ तवंग धरला. ती बशी संपली की दगड लावायचा होता.